बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास

‘सारे नीट झाले होते, फादर. बाळही रडले. मग अंगावरून जायला लागले आणि बघता बघता ती गार पडली.’ बाळंतिणीच्या मृत्यूनंतर एखाद्या घरी सांत्वनासाठी गेल्यावर थोड्याफार फरकाने हेच शब्द आमच्या कानी पडले आहेत. या शब्दांत दुःख तर आहेच, पण एक न विचारलेला प्रश्नही आहे : सारे नीट झाले होते, तर मग ती गेली कशी? या लेखात आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. कारण ते उत्तर आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे, आणि ते केवळ डॉक्टरांपुरते राहून चालणार नाही.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ४५ हजार माता त्यामुळे प्राण गमावतात. या आजाराचे भय त्याच्या वेगात आहे. उपचार न मिळाल्यास निरोगी स्त्रीदेखील दोन तासांत दगावू शकते. पेण आणि रोहे तालुक्यांतील डोंगरावरच्या वाडीवर बाळंतपण झाले आणि तेथून गाडीरस्त्यापर्यंत यायलाच तास लागला, तर त्या दोन तासांतले किती उरतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा. म्हणूनच त्या पहिल्या क्षणी बाळंतिणीजवळ जी व्यक्ती असते, मग ती सुईण असो, आशा असो वा परिचारिका, तिच्या डोळ्यांवर आणि हातांवर सारे अवलंबून असते.

रक्त थांबते कसे आणि थांबत नाही का?

गरोदरपणाच्या शेवटी गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लीटर वा त्याहून अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मल्यावर वार सुटून येते आणि ती जेथे चिकटलेली असते, तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या बंद करण्याची निसर्गाची योजना मोठी विलक्षण आहे. गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे एकमेकांत विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीतून जातात. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आकसते, जाळी आवळली जाते आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ओटीपोटावर हात ठेवला, तर बेंबीच्या आसपास एखाद्या कठीण चेंडूसारखे गर्भाशय हाताला लागते. तो चेंडू कठीण असेल, तर बहुधा काळजीचे कारण नसते.

तो मऊ पडला, तर मात्र रक्त वाहत राहते. अतिरक्तस्रावाचे हे सर्वांत मोठे कारण. लांबलेल्या कळा, जुळी बाळे, अनेक बाळंतपणे, भरलेले मूत्राशय यांमुळे गर्भाशय थकते वा आकसू शकत नाही. दुसरे कारण म्हणजे वारेचा तुकडा आत राहणे, तिसरे जननमार्गाला वा गर्भाशयाला झालेली जखम, आणि चौथे, जे क्वचित आढळते, ते म्हणजे रक्त गोठण्याच्या क्रियेतील दोष. ही चार कारणे लक्षात ठेवली की पुढचे सारे उपचार समजायला सोपे जातात.

यात आपल्या समाजातील एक जुने दुखणे भर घालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सशक्त स्त्री जेवढा रक्तस्राव सहन करते, तेवढाच रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेततो. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या न चुकता घेणे ही अतिरक्तस्रावाशी लढण्याची पहिली पायरी आहे.

‘घाण जाऊ द्या’

बाळंतपणानंतर थोडे रक्त जाणे स्वाभाविक आहे. पण थोडे म्हणजे किती? आपल्या जुन्या बायाबापड्यांची समजूत अशी, की नऊ महिन्यांचे साचलेले रक्त ‘घाण’ असते आणि ते जितके जाईल तितके बरे. ही समजूत अज्ञानी स्त्रियांचीच आहे असे समजू नये. शिकलेल्या घरांतही ‘एवढे जातेच’ असे म्हणून वेळ दवडला जातो.

वैद्यकशास्त्राने अर्धा लीटर ही मर्यादा मानली. त्याहून अधिक रक्त गेले, तर तो अतिरक्तस्राव. परंतु चादरीत, लुगड्यात, जमिनीवर पसरलेले रक्त नजरेने मोजणार कसे? अनुभवी परिचारिकेची नजरही येथे चुकते, आणि ती बहुधा कमीच धरते. हे कोणा दूरच्या देशात नव्हे, तर मराठी माणसाला आपल्या वाटणाऱ्या बेळगाव जिल्ह्यात सिद्ध झाले. तेथे बाळंतिणीच्या खाली खुणांचे माप असलेली प्लॅस्टिकची पिशवीवजा चादर ठेवून रक्त मोजण्यात आले. तेव्हा दिसून आले की नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो. जेथे ६०० मिलिलीटर रक्त गेलेले असते, तेथे पाहणारा ४०० समजून निश्चिंत राहतो. कित्येक माता या फरकात हरवल्या आहेत.

बेळगावचा धडा

बेळगावच्या या कामाकडे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पेण-रोह्यासारख्या भागासाठी त्यात मोठा बोध आहे.

गर्भाशय आकसण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन हे सर्वोत्तम औषध मानले जाते. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, मिनिटभरात ते दिले की अतिरक्तस्रावाचा धोका पुष्कळ कमी होतो. पण ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि टोचण्यासाठी शिकलेला हात लागतो. ज्या उपकेंद्रात वीज येते-जाते, किंवा ज्या झोपडीत ती मुळीच नाही, तेथे ते कसे टिकणार?

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील विद्यापीठांच्या सहकार्याने याचे उत्तर शोधले. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत १,६२० स्त्रियांवर एक अभ्यास झाला. बाळंतपणे घरी वा उपकेंद्रात होत होती. तेथे डॉक्टर नव्हते, होत्या त्या फक्त गावपातळीवरच्या परिचारिका. अर्ध्या स्त्रियांना बाळंत होताच मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने देण्यात आल्या, उरलेल्यांना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या. या गोळ्यांना शीतकपाट लागत नाही.

निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या शंभर स्त्रियांपैकी १२ जणींना अतिरक्तस्राव झाला, तर औषध मिळालेल्यांपैकी सहा-सात जणींना. एक लीटर वा त्याहून अधिक असा गंभीर रक्तस्राव हजारी १२ वरून हजारी दोनवर आला. काही स्त्रियांना थंडी वाजली, थोडा ताप आला, पण तो उतरला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्रावाच्या प्रतिबंधासाठी या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. २०१३ साली भारत सरकारनेही, जेथे घरी बाळंतपण होण्याचा संभव अधिक, तेथे गावपातळीवर या गोळ्या पोहोचवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. बेळगावात यश मिळाले ते केवळ गोळीला नव्हे. ती गोळी योग्य क्षणी देणारी, रक्त मोजणारी आणि धोका ओळखून पुढे पाठवणारी शिकलेली परिचारिका तेथे होती. हीच औषधे बाळ जन्मण्यापूर्वी ‘कळा वाढवण्यासाठी’ कोणी अंदाजाने दिली, तर गर्भाशय फाटून आई व बाळ दोघेही दगावू शकतात. म्हणून कोणत्याही घरी आपल्या मनाने ती वापरू नयेत.

सुईणीला शिकवावे की नाही?

आपल्या देशात सुईणींना प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, स्वच्छ दोरा हे धडे त्यांना देण्यात आले आणि त्यांचा उपयोगही झाला. परंतु १९९०च्या दशकात जगभरच्या अनुभवावरून असे दिसू लागले की केवळ सुईणींना शिकवून मातामृत्यू फारसे कमी होत नाहीत. कारण उघड होते. रक्तस्राव सुरू झाल्यावर तिच्या हाती औषध नसे, मागे गाडी नसे आणि पुढे रुग्णालयात रक्त नसे. मग सरकारी धोरण रुग्णालयातील बाळंतपणाकडे वळले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या आल्या. २००५-०६ साली महाराष्ट्रातील सुमारे ६५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत होती, ती २०१९-२१ पर्यंत सुमारे ९५ टक्क्यांवर गेली. २००१-०३ मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत, ते प्रमाण २०१८-२० मध्ये ३३ वर आले. हे यश लहान नाही.

पण म्हणून सुईण निरुपयोगी ठरली काय? आमच्या मते नाही. पाकिस्तानातील चित्राल या डोंगराळ भागात प्रशिक्षित सुईणींनी घरच्या बाळंतपणात मिसोप्रोस्टॉल दिले, तेव्हा अतिरक्तस्राव सुमारे चतुर्थांशाने घटला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले की मागे औषध व आधार असेल, तर निरक्षर स्त्रीही हे काम जबाबदारीने करते. टांझानियातील किगोमा येथे तर सुईणींना मोजमाप शिकवण्यासाठी त्यांचेच वस्त्र वापरले गेले. तेथील स्त्रिया ‘कांगा’ नावाचे कापड नेसतात. दोन कांगा रक्ताने पूर्ण भिजले की मर्यादा ओलांडली, एवढी एकच खूण त्यांना शिकवण्यात आली. आपल्याकडेही जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर मोजून अर्धा लीटर रंगीत पाणी ओतून दाखवले, तर जे पुस्तकाने कळणार नाही, ते डोळ्यांना क्षणात कळेल.

साध्या स्त्रिया हे शिकू शकतात, याचे पुरावे आपल्या महाराष्ट्रात फार जुने आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांचे शिक्षण एकदा देऊन संपले नाही. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावातले अनुभव सांगत आणि नवे शिकून जात. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत, मांडवा परिसरात डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७०च्या दशकात गावच्या स्त्रियांना असेच आरोग्याचे शिक्षण दिले होते.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

आज या विषयाच्या प्रशिक्षणासाठी एक साधे साधन जगभर वापरले जाते. शिकवणारी व्यक्ती कापडी गर्भाशय पोटावर बांधते. त्यात बाहुली, वार आणि लाल पाण्याची पिशवी असते. ती बाळंतिणीची भूमिका करते, वेदनेने कण्हते, प्रश्न विचारते आणि मध्येच लाल पाणी सोडते. समोरच्या शिकाऊ स्त्रीने काय करायचे, ते तिथल्या तिथे करून दाखवायचे. असा सराव दिवसभरात शिकता येतो, पण तो टिकवायचा तर थोडा थोडा वारंवार करावा लागतो. वर्षातून एक शिबिर, प्रमाणपत्र आणि छायाचित्र एवढ्याने हात तयार होत नाहीत.

या शिक्षणाचे सार असे सांगता येईल :

१. बाळंतपणापूर्वीच रक्तगट, रक्तातील हिमोग्लोबिन, जाण्याचे वाहन आणि रक्त देऊ शकणाऱ्या दोन व्यक्ती ठरवून ठेवाव्यात.

२. बाळ जन्मल्यावर, दुसरे बाळ नसल्याची खात्री करून, गर्भाशय आकसण्याचे औषध लगेच मिळावे. ते कोणी द्यायचे, हे आरोग्य खात्याच्या नियमांनुसार ठरते.

३. वार ओढू नये. नाळेला नियंत्रित ताण देण्याचे काम केवळ शिकलेल्या परिचारिकेचे वा डॉक्टरांचे आहे. वार पडल्यावर ती अखंड आहे की तुकडा तुटला आहे, हे नीट पाहावे.

४. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी ओटीपोटावर हात ठेवून गर्भाशय कठीण आहे ना, हे तपासावे. बाळंतिणीला लघवी करायला लावावी. बाळाला लगेच छातीशी लावावे, कारण दूध पाजण्यानेही गर्भाशय आकसते.

५. गर्भाशय मऊ लागले वा रक्त वाहू लागले, तर वरून हाताने चोळत राहावे आणि त्याच क्षणी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. आत कापडाचे बोळे कोंबू नयेत. त्याने रक्त दिसेनासे होते, थांबत नाही.

६. बाळंतीण फिकी पडली, घाम फुटला, जीव घाबरा झाला, नाडी वेगाने पळू लागली, तर रक्त किती गेले याचा वाद न घालता तिला हलवावे.

रुग्णालयाच्या खाटेवरही तोच प्रश्न

बाळंतपण रुग्णालयात झाले म्हणजे सारे संपले, असे समजण्याची चूक मात्र करू नये. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक मातांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. जेथे नेहमीची पद्धत चालू होती, तेथे अतिरक्तस्रावाच्या जवळजवळ निम्म्या घटना वेळेत ओळखल्याच गेल्या नव्हत्या. याउलट काही रुग्णालयांत मापाची पिशवी ठेवली गेली आणि रक्त वाढताच गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक आम्ल, शिरेतून सलाइन आणि कारणाचा शोध हे सारे एकामागून एक नव्हे, तर एकदम सुरू केले गेले. तेथे शंभरांपैकी ९३ घटना ओळखल्या गेल्या. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया वा त्यातून होणारा मृत्यू, हे सारे मिळून साठ टक्क्यांनी घटले.

यात कोणतेही नवे औषध नव्हते. ट्रॅनेक्झामिक आम्ल हे रक्ताची गुठळी टिकवून धरणारे जुने औषध आहे. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिल्यास ते प्राण वाचवते, हे २०१७ सालीच २१ देशांतील २० हजार स्त्रियांच्या अभ्यासातून कळले होते. नवे होते ते मोजणे आणि न थांबणे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. आता अर्धा लीटरची वाट न पाहता, ३०० मिलिलीटर रक्त गेले आणि सोबत नाडी वा रक्तदाबात बिघाड दिसला, तरी उपचार सुरू करावेत असे सांगितले आहे.

पेण-रोह्याच्या वाटेवर

मातामृत्यूचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली तीन विलंब सांगितले : निर्णय घ्यायला लागणारा, पोहोचायला लागणारा आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला लागणारा. आपल्या भागात हे तिन्ही ओळखीचे आहेत.

पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात बांधावरून वाट काढावी लागते. डोंगरावरील ठाकूर व कातकरी वाड्यांतून आजारी माणसाला झोळी करून खाली आणावे लागते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या आशाताईच्या वहीत त्या गरोदर स्त्रीचे नाव आहे, ती एका गावी आणि बाळंतपण दुसऱ्याच जिल्ह्याच्या माळावर. पंचाण्णव टक्क्यांच्या बाहेर राहिलेल्या स्त्रिया बहुतांशी अशाच असतात. त्यांच्या उशाशी त्या रात्री जी म्हातारी सुईण बसलेली असेल, तिला आपण काही शिकवले आहे काय, हा प्रश्न म्हणूनच शिळा झालेला नाही.

पोहोचल्यावरचा विलंब दूर करणे हे शासनाचे काम आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि वाहन हे सारे मातेला विनामूल्य मिळाले पाहिजे. हा तिचा हक्क आहे, उपकार नव्हे. तो मागण्यासाठी तिच्याबरोबर कोणी लिहिता-वाचता माणूस उभा राहिला, तरी पुष्कळ फरक पडतो.

आपला वाटा

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. पूर्वी धर्मभगिनींना प्रसूतीचे काम करण्याची मुभा नव्हती. डॉ. अ‍ॅना डेंगेल ही ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीत काम करीत असताना तिने पाहिले, की पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि बाळंतपणात प्राण सोडतात. तिने १९२५ साली ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ची स्थापना केली. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने धर्मभगिनींना वैद्यकीय व प्रसूतीसेवेची वाट मोकळी करून दिली. नियम बदलला, कारण कोणीतरी मातांचे मरण जवळून पाहिले होते.

आज आपल्यापुढे नियमांचा अडथळा नाही. धर्मग्रामातील परिचारिका भगिनींनी महिन्यातून एकदा आशाताई, सुईणी आणि घरोघरच्या सासवांना एकत्र बसवून लुगड्यावर रंगीत पाणी ओतून दाखवावे. तरुणांनी आपला रक्तगट लिहून ठेवावा आणि रात्री-अपरात्री रक्त द्यायला तयार राहावे. ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांनी जवळच्या वाडीला आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा. वीटभट्टी ज्यांच्या मालकीची आहे, त्यांनी आपल्या भट्टीवर किती गरोदर स्त्रिया आहेत हे जाणून घ्यावे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात त्यांची नावे नोंदवावीत.

बाळ रडल्याचा आवाज आला की घरातील सारी माणसे बाळाकडे धावतात, पेढ्यांची भाषा सुरू होते. त्या आनंदात एक तरी माणूस आईच्या उशाशी राहावा, तिच्या पोटावर हात ठेवून बसावा आणि घड्याळाकडे पाहावे. निदान दोन तास.